पॅच आधीच आला होता

२७ जून २०१७ रोजी उरणजवळच्या न्हावा शेवा बंदरातल्या गेटवे टर्मिनल्स इंडिया या टर्मिनलचं काम अडकलं. क्रेन शाबूत होत्या, ट्रक होते, माणसंही होती. पण कुठला कंटेनर कुणाचा, तो यार्डात कुठे ठेवलाय आणि कुठल्या जहाजावर चढवायचाय, हे सांगणारे संगणक मुके झाले होते. ही माहिती हाताशी नसली की कंटेनर बंदरात एकसारख्या दिसणाऱ्या हजारो लोखंडी पेट्यांचा नुसता ढीग उरतो. हे टर्मिनल डेन्मार्कच्या मेर्स्क समूहातली कंपनी चालवते आणि त्या दिवशी मेर्स्कची जगभरची संगणक यंत्रणा कोलमडली होती. समूहाच्या ७६ टर्मिनल्सपैकी १७ टर्मिनल्सना फटका बसला, त्यातलं हे एक.

हल्ल्याचा रोख भारतावर नव्हता आणि डेन्मार्कवरही नव्हता. लक्ष्य होतं युक्रेन. तिथे कर भरण्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या एम.ई.डॉक या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून 'नॉटपेट्या' हा वर्म सोडण्यात आला होता. मेर्स्कच्या ओडेसातल्या कार्यालयात ते सॉफ्टवेअर एका संगणकावर बसवलेलं होतं. तेवढ्याने भागलं. काळ्या समुद्राच्या काठावरून निघालेली भानगड काही तासांत अरबी समुद्राच्या काठावर पोहोचली.

विंडोजमधल्या ज्या भगदाडाचा फायदा घेऊन नॉटपेट्या पसरला, ते बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच दिला होता. म्हणजे १०५ दिवस आधी. वर्मचा पन्नासेक वर्षांचा इतिहास चाळला तर ही गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. वर्म लिहिणाऱ्यांच्या बुद्धिमत्तेच्या सुरस कथा खूप सांगितल्या जातात; त्यांतल्या बहुतेकांचं यश मात्र इतरांच्या दिरंगाईवर उभं आहे.

रोजच्या बोलण्यात सगळ्याच उपद्रवाला व्हायरस म्हटलं जातं आणि त्याने फारसं बिघडतही नाही. कार्यपद्धतीत मात्र फरक आहे. व्हायरस एखाद्या फाइलला चिकटतो आणि ती फाइल कुणी उघडली की जागा होतो. वर्म हा स्वतंत्र प्रोग्रॅम असतो. त्याला चिकटायला फाइल लागत नाही, आणि पुष्कळदा माणसाने काही क्लिक करण्याचीही गरज पडत नाही. तो नेटवर्कवरचे पत्ते धुंडाळतो, एखाद्या संगणकाचं उघडं पोर्ट सापडलं की तिथल्या सॉफ्टवेअरमधल्या चुकीतून आत शिरतो, ठाण मांडतो आणि लगेच पुढचे पत्ते धुंडाळायला लागतो. दोनाचे चार, चाराचे आठ. सुरुवातीचा बराच वेळ कुणाच्या लक्षात काही येत नाही. मग आलेख एकदम उभा चढतो आणि शिरण्याजोगे संगणकच उरले नाहीत की सपाट होतो. साथीच्या रोगांचा अभ्यास करणारे जी गणितं मांडतात, तीच इथेही लागू पडतात.

पहिला नमुना अगदी निरुपद्रवी होता. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या बीबीएन या कंपनीत बॉब थॉमस यांनी 'क्रीपर' नावाचा प्रोग्रॅम लिहिला. इंटरनेटचं पूर्वरूप असलेल्या अर्पानेटवरच्या एका यंत्रावरून दुसऱ्यावर जायचं आणि 'पकडा मला' अशा अर्थाची ओळ उमटवायची, एवढंच त्याचं काम. ई-मेलचे जनक म्हणून ओळखले जाणारे रे टॉमलिन्सन यांनी त्याला शोधून पुसणारा 'रीपर' लिहिला. पुढे झेरॉक्सच्या कॅलिफोर्नियातल्या संशोधन केंद्रात जॉन शॉक आणि जॉन हुप यांनी रात्री रिकाम्या पडलेल्या संगणकांकडून कामं करून घेण्यासाठी मुद्दाम वर्म तयार केले. एका रात्री त्यांतला एक बिघडला आणि सकाळी कर्मचारी आले तेव्हा संगणक एकामागून एक बंद पडत होते. हा अनुभव त्यांनी १९८२ मध्ये शोधनिबंधात लिहूनही ठेवला. धोक्याची सूचना मिळाली होती, ती कुणी मनावर घेतली नाही.

ती मनावर घ्यावी लागली २ नोव्हेंबर १९८८ ला. कॉर्नेल विद्यापीठातला रॉबर्ट टॅपन मॉरिस हा विद्यार्थी; त्याने आपला माग लागू नये म्हणून वर्म सोडला एमआयटीच्या संगणकावरून. या वर्मचं अंतरंग आजही सुरक्षा शिकवणारे उलगडून दाखवतात, कारण नंतरच्या बहुतेक युक्त्या त्यात बीजरूपाने आहेत. 'फिंगर' नावाची सेवा समोरून आलेला मजकूर ५१२ बाइटच्या जागेत भरत असे, पण तो किती लांब आहे हे तपासत नसे. मॉरिसच्या वर्मने ५३६ बाइट पाठवले. जास्तीचे बाइट शेजारच्या जागेत सांडले आणि तिथे प्रोग्रॅमने पुढे कुठे जायचं याची जी नोंद होती, ती पुसून वर्मला हवी ती नोंद बसली. मेल पोहोचवणाऱ्या 'सेंडमेल'मध्ये चाचणीसाठीची एक चोरवाट उघडी राहिली होती, ती दुसरी युक्ती. तिसरी युक्ती म्हणजे ४३२ शब्दांची यादी, लोक पासवर्ड म्हणून काय ठेवतात याच्या अंदाजाची. तीही चालली. एकमेकांवर विश्वास ठेवून पासवर्डच न विचारणारे संगणक होते, ते तर आयतेच मिळाले.

मॉरिस स्वतः मात्र एका हिशेबात फसला. संगणकात आपली प्रत आधीच असेल तर वर्मने गप्प बसायचं, अशी व्यवस्था त्याने केली होती. पण एखादा हुशार प्रशासक खोटंच 'आहे' असं सांगून वर्मला परतवून लावील, या भीतीने सातांतून एकदा तरीही आत शिरायचं, असं त्याने ठरवलं. हे प्रमाण फार मोठं निघालं. एकेका यंत्रावर डझनांनी प्रती चालू लागल्या आणि यंत्रं गुदमरली. घाबरलेल्या मॉरिसच्या सांगण्यावरून एका मित्राने उपाय सांगणारा निनावी संदेश नेटवर पाठवला. पण वर्मने नेटवर्क इतकं तुंबलं होतं की तो वेळेत पोहोचलाच नाही. त्या वेळच्या इंटरनेटवरचे अंदाजे ६०,००० पैकी ६,००० संगणक बाधित झाले असं सांगितलं जातं. हा आकडाही मोजलेला नव्हे, ठोकताळ्याचा आहे. मॉरिसला तीन वर्षांचं प्रोबेशन, ४०० तासांची समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड झाला. त्याचे वडील अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेत, म्हणजे एनएसएमध्ये, संगणक सुरक्षेचंच काम बघत होते. मुलगा पुढे एमआयटीतच प्राध्यापक झाला. या प्रकरणानंतर कार्नेगी मेलन विद्यापीठात अशा संकटांसाठी पहिलं 'सर्ट' पथक उभं राहिलं. भारताचं 'सर्ट-इन' जानेवारी २००४ मध्ये सुरू झालं.

पॅच आणि वर्म यांची शर्यत खऱ्या अर्थाने सुरू झाली ती २००१ मध्ये. मायक्रोसॉफ्टच्या वेबसर्व्हरमधली एक चूक १८ जूनला जाहीर झाली, पॅच त्याच दिवशी आला, आणि १९ जुलैला 'कोड रेड'ने चौदा तासांत ३,५९,००० संगणक गाठले. नाव पडलं ते त्याचा छडा लावणारे अभियंते त्या रात्री जे पेय पीत बसले होते त्यावरून. त्याने व्हाइट हाउसच्या संकेतस्थळावर मारा करायचं ठरवलं होतं, पण पत्ता नावाने न घेता आकड्यात कोरून ठेवला होता. व्हाइट हाउसने आकडा बदलला आणि माऱ्यातली हवा गेली.

ऑगस्ट २००२ मध्ये स्टुअर्ट स्टॅनिफर्ड, व्हर्न पॅक्सन आणि निकोलस वीव्हर या तिघांनी एक निबंध सादर केला. वर्म जरा विचारपूर्वक लिहिला, तर तो पंधरा मिनिटांत सारं इंटरनेट व्यापू शकतो, असं त्यांचं गणित सांगत होतं. अनेकांना ते अतिरंजित वाटलं असणार. पाच महिन्यांनी, २५ जानेवारी २००३ ला, शनिवारी भारतात सकाळचे अकरा वाजायच्या सुमारास 'स्लॅमर' सुटला आणि गणित पंधरावरून दहा मिनिटांवर आलं.

स्लॅमरची गंमत त्याच्या आकारात आहे. सगळा मिळून ३७६ बाइट, म्हणजे या लेखातला एखादा छोटा परिच्छेदही त्याहून मोठा. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरकडे १४३४ क्रमांकाच्या पोर्टवर एकच पाकीट जायचं आणि त्या एका पाकिटातच शिरकाव आणि पुढचा प्रसार सगळं असायचं. आधीच्या वर्मना समोरच्या संगणकाशी जोडणी करावी लागे, उत्तराची वाट पाहावी लागे. स्लॅमर ज्या पद्धतीने पाकिटं पाठवत होता तिच्यात उत्तराची गरजच नव्हती. तार जेवढा वेग देईल तेवढ्या वेगाने तो पाकिटं फेकत सुटला. पहिल्या मिनिटात त्याची संख्या दर साडेआठ सेकंदांनी दुप्पट होत होती. तीन मिनिटांत सेकंदाला साडेपाच कोटी पत्ते धुंडाळले जात होते. ७५,००० हून अधिक सर्व्हर बाधित झाले. त्याने एकही फाइल पुसली नाही, काही चोरलंही नाही. नुसत्या गर्दीने दक्षिण कोरियाचं इंटरनेट कोलमडलं, बँक ऑफ अमेरिकाची सुमारे १३,००० एटीएम पैसे देईनाशी झाली, आणि सिअ‍ॅटलच्या परिसरात आपत्कालीन दूरध्वनी सेवेला कागद-पेन्सिल काढावी लागली.

ओहायोमधल्या डेव्हिस-बेसी अणुवीज केंद्रात तर सुरक्षेची मापं दाखवणारी यंत्रणा जवळजवळ पाच तास बंद होती. केंद्र तेव्हा दुरुस्तीसाठी थांबवलेलं होतं म्हणून निभावलं. तिथे फायरवॉल होती आणि ती ते पोर्ट अडवतही होती; पण एका ठेकेदाराची वेगळी जोडणी फायरवॉलला वळसा घालून थेट आत येत होती. स्लॅमरचा पॅच २४ जुलै २००२ ला, सहा महिने आधी आला होता. खुद्द मायक्रोसॉफ्टच्या अंतर्गत नेटवर्कमधल्या काही सर्व्हरवर तो लावलेला नव्हता. आणि अनेकांना तर आपल्याकडे हे सॉफ्टवेअर आहे याचाच पत्ता नव्हता, कारण ते दुसऱ्याच कुठल्या तरी पॅकेजबरोबर गुपचूप बसलेलं होतं.

त्यानंतर अंतर घटत गेलं. 'ब्लास्टर'ला पॅचनंतर २६ दिवस लागले. पडद्यावर साठ सेकंदांची उलटगणती सुरू होऊन संगणक बंद पडायचा, ते त्याचं काम. २००३ च्या ऑगस्टमध्ये कार्यालयात बसलेल्या अनेकांना ती आठवत असेल. 'सॅसर'ला १७ दिवस लागले; तो एका जर्मन शाळकरी वयाच्या मुलाने लिहिला होता आणि त्याला निलंबित शिक्षा झाली. मार्च २००४ मधल्या 'विटी'ने तर चूक जाहीर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी सुमारे १२,००० संगणक गाठले, आणि तेही सुरक्षेसाठी म्हणून विकल्या गेलेल्या सॉफ्टवेअरमधूनच. इथे पॅच न लावणाऱ्याला बोल लावण्यात अर्थ नाही. एका दिवसात मोठ्या संस्थेत काहीच हलत नाही.

माणसाच्या हातून पसरणाऱ्या वर्मना तर भगदाडाचीही गरज नसते. ४ मे २००० रोजी मनिलातून निघालेलं 'आय लव्ह यू' हे मेल ओळखीच्या माणसाच्या पत्त्यावरून यायचं. सोबतच्या फाइलच्या नावाचा शेवट 'टीएक्सटी' असा दिसायचा. खरा शेवट 'व्हीबीएस' होता, पण विंडोज तो भाग मुळात लपवूनच ठेवत असे. उघडली की पत्त्यांच्या वहीतल्या सगळ्यांना प्रेमपत्र रवाना. ब्रिटिश संसदेने आपली मेल यंत्रणाच बंद ठेवली. ओनेल दे गुझमान या संशयित तरुणावर खटला उभा राहिला नाही, कारण फिलिपीन्समध्ये तसा कायदाच नव्हता. त्यानंतर तो घाईघाईने झाला. भारताचा माहिती तंत्रज्ञान कायदा त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला लागू झाला आणि संगणकात व्हायरस सोडण्याचा उल्लेख त्याच्या कलम ४३ मध्ये आहे.

महाराष्ट्रातल्या लोकांनी वर्म पाहिला तो मात्र मेलमधून कमी आणि पेनड्राइव्हमधून जास्त. सायबर कॅफे, कॉलेजची लॅब, झेरॉक्स-डीटीपीचं दुकान ही त्याची हक्काची ठिकाणं. पेनड्राइव्ह लावला की विंडोज एक्सपी त्यातली 'ऑटोरन' नावाची फाइल वाचून आपण होऊन सांगितलेला प्रोग्रॅम चालवायला निघे. फोल्डरचं चित्र चिकटवलेली 'न्यू फोल्डर.ईएक्सई' नावाची फाइल असे. बघणाऱ्याला फोल्डर वाटे, डबल क्लिक केलं की काम फत्ते. नंतरच्या प्रकारांत खरे फोल्डर लपवून त्यांच्या जागी शॉर्टकट ठेवले जात. प्रोजेक्टचा प्रिंट काढायला आलेल्या मुलाच्या तोंडचं पाणी पळे आणि दुकानदार सराईतपणे 'हिडन फाइल्स' दाखवून देई. तो पेनड्राइव्ह मग पुढच्या संगणकात. याच काळात पुण्याची क्विक हील ही अँटिव्हायरस कंपनी घराघरात पोहोचली. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये आलेला 'कॉन्फिकर' इंटरनेटवरच्या भगदाडातूनही शिरे आणि पेनड्राइव्हवरूनही. भगदाडाचा पॅच चार आठवडे आधी आलेला होता. तरी लाखो संगणक गेले. फ्रेंच नौदलाची काही विमानं त्यापायी जमिनीवर राहिली. पेनड्राइव्हचं ऑटोरन मायक्रोसॉफ्टने अपडेटद्वारे सरसकट बंद केलं ते फेब्रुवारी २०११ मध्ये.

आज त्या पेनड्राइव्हची जागा व्हॉट्सॲपने घेतली आहे. लग्नपत्रिका, थकलेल्या चलनाची नोटीस किंवा बँकेचं केवायसी अशा नावाखाली एपीके फाइल येते, बसवली की एसएमएस आणि ओटीपी वाचते, आणि हातात आलेल्या खात्यावरून तीच पत्रिका गावभर, भावकीभर फिरते. काकांकडून आलेली पत्रिका संशयाने कोण बघणार? पंचवीस वर्षांपूर्वीच्या प्रेमपत्राचीच ही मराठमोळी आवृत्ती.

पेनड्राइव्हचा सर्वांत थंड डोक्याने केलेला वापर मात्र इराणमध्ये झाला. जून २०१० मध्ये बेलारूसच्या एका लहानशा अँटिव्हायरस कंपनीला 'स्टक्सनेट' सापडला. तोपर्यंत कुणालाही माहीत नसलेली विंडोजमधली चार भगदाडं त्यात वापरलेली होती आणि सहीसाठी तैवानच्या दोन कंपन्यांची चोरलेली प्रमाणपत्रं. इथे पॅचचा प्रश्नच नव्हता, तो अस्तित्वातच नव्हता. पेनड्राइव्हवरून आत गेल्यावर स्टक्सनेट सीमेन्सचे नियंत्रक शोधायचा, त्यांना जोडलेली विशिष्ट जातीची मोटरयंत्रणा विशिष्ट वेगाने फिरते आहे का ते बघायचा आणि तसं नसेल तर गप्प राहायचा. नतांझच्या युरेनियम केंद्रातल्या सेंट्रिफ्यूजचा वेग त्याने वाढवला, एकदम उतरवला, पुन्हा मूळ पदावर आणला. पडद्यावर मात्र सारं आलबेल दिसत राहिलं. सुमारे हजार सेंट्रिफ्यूज बदलावे लागले, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. अमेरिका आणि इस्रायल यांचं हे काम असल्याचं वृत्तपत्रांनी तपशिलाने छापलं, पण दोन्ही सरकारांनी ते अधिकृतपणे कधीच कबूल केलं नाही. बाधित संगणकांच्या यादीत इराण आणि इंडोनेशियापाठोपाठ भारत तिसरा होता. इथे त्याला हवं ते सापडलं नाही, म्हणून तो हजारो यंत्रांत नुसता पडून राहिला.

सरकारांनी वर्मची हत्यारं करायला सुरुवात केल्यावर ती चोरीला जाणं ओघानेच आलं. एनएसएने विंडोजमधलं एक भगदाड हेरून 'इटर्नलब्लू' हे साधन बनवलं होतं. ते 'शॅडो ब्रोकर्स' नावाच्या टोळक्याने १४ एप्रिल २०१७ रोजी जगासमोर टाकलं. पॅच महिनाभर आधी आला होता. १२ मेला 'वॉनाक्राय' आला. फायली कुलूपबंद करायच्या आणि तीनशे डॉलरची खंडणी बिटकॉइनमध्ये मागायची. युरोपोलच्या म्हणण्याप्रमाणे सुमारे दीडशे देशांत दोन लाखांवर संगणक बाधित झाले. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या २३६ पैकी किमान ८० ट्रस्टना फटका बसला आणि रुग्णांच्या अंदाजे १९,००० भेटी रद्द झाल्या. भारतात आंध्र प्रदेश पोलिसांच्या काही संगणकांपर्यंत तो पोहोचला.

त्याला अडवलं ते डेव्हनमध्ये राहणाऱ्या बावीस वर्षांच्या मार्कस हचिन्सने. कुलूप घालण्याआधी वर्म एका अगम्य, लांबलचक नावाच्या संकेतस्थळाला हाक मारतो असं त्याला दिसलं. ते नाव कुणाच्याच मालकीचं नव्हतं. त्याने साडेदहा डॉलरच्या आसपास खर्च करून ते नोंदवलं. उत्तर मिळू लागताच वर्म थांबायला लागला. पुढे याच हचिन्सला जुन्या एका घातक प्रोग्रॅमच्या प्रकरणात अमेरिकेत अटक झाली आणि त्याने गुन्हा कबूलही केला. या क्षेत्रात नायक-खलनायकाच्या पाट्या फार काळ टिकत नाहीत.

वॉनाक्रायने एवढं जागं केल्यावरही सहा आठवड्यांनी नॉटपेट्याला मोकळं रान मिळालं, आणि 'पॅच लावा' या उपदेशाची मर्यादाही त्यानेच दाखवली. एका पॅच न लावलेल्या यंत्रात शिरलं की तो तिथल्या स्मृतीत पडलेले पासवर्ड उचलायचा आणि त्या पासवर्डनी पॅच लावलेल्या यंत्रांत राजरोस, मालकाच्या थाटात प्रवेश करायचा. मोठ्या कंपन्यांची नेटवर्कं अशी असतात की वाड्याचा दिंडी दरवाजा भक्कम, आत मात्र सगळ्या खोल्या सताड उघड्या. मेर्स्कचे कुणाला काय वापरता येईल ते ठरवणारे दीडशेच्या आसपास सर्व्हर एकमेकांच्या प्रती ठेवत होते, आणि सगळे एकाच वेळी पुसले गेले. वाचला तो घानामधला एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेली होती! पत्रकार अँडी ग्रीनबर्ग यांनी ही हकिगत सविस्तर लिहिली आहे. तिथल्या जोडणीचा वेग इतका कमी की ती माहिती इंग्लंडला पाठवायला दिवसच्या दिवस लागले असते. घानाच्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. मग एकाने हार्ड डिस्क घेऊन नायजेरियाच्या विमानतळावर यायचं, दुसऱ्याने ती घेऊन लंडनचं विमान पकडायचं, अशी वरात निघाली. मेर्स्कने दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले. समूहाचं नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेलं; जगाचं मिळून सुमारे एक हजार कोटी, असा अमेरिकी सरकारचा अंदाज. नॉटपेट्याबद्दल २०२० मध्ये अमेरिकेने रशियन लष्करी गुप्तचर विभागाच्या सहा अधिकाऱ्यांवर आरोपपत्र ठेवलं.

पॅच आलेला असूनही लावला का जात नाही, याचं उत्तर 'आळस' एवढंच दिलं जातं. ते अर्धवट आहे. रुग्णालयातलं स्कॅनचं यंत्र ज्या संगणकावर चालतं, त्याला हात लावायची मुभा बऱ्याचदा यंत्र विकणाऱ्या कंपनीलाच असते. कारखान्यातली लाइन पॅचसाठी थांबवली तर उत्पादन बुडतं आणि पॅचने काही बिघडलं तर दोष लावणाऱ्याच्या माथी येतो. न लावल्याचा दोष कुणाच्याच नावावर चढत नाही. भारतात यात चोरीच्या विंडोजची भर. पकडले जाऊ या भीतीने अपडेटच बंद करून ठेवणारी कार्यालयं कमी नव्हती. बँकांचंही वेगळं नव्हतं. विंडोज एक्सपीची मुदत एप्रिल २०१४ मध्ये संपली. तरीही एटीएममधून ती हटवण्यासाठी रिझर्व्ह बँकेला जून २०१८ मध्ये बँकांना टप्प्याटप्प्याचं वेळापत्रक आखून द्यावं लागलं.

लोक पॅच लावत नाहीत तर वर्मकडूनच तो लावून घ्यावा, ही कल्पना कुणाला ना कुणाला सुचत राहते. ब्लास्टरच्या पाठोपाठ 'वेल्चिया' आला. तो ब्लास्टर काढायचा, पॅच उतरवून घ्यायचा आणि हे करताना नेटवर्क असं तुंबवायचा की रोगापेक्षा औषध जालीम ठरलं. मालकाला न विचारता त्याच्या संगणकात शिरणं हे चांगल्या हेतूनेही समर्थनीय ठरत नाही. शिवाय चाचणी न केलेला पॅच रुग्णालयात मध्यरात्री आपोआप बसला तर काय, याचं उत्तर अशा परोपकाऱ्यांकडे नसतं.

जिथे पॅच येतच नाही, असं एक जग २०१६ मध्ये 'मिराय'ने उघडं पाडलं. सीसीटीव्ही कॅमेरे, त्यांचे रेकॉर्डर आणि घरगुती राउटर हे सगळे छोटे संगणकच. कारखान्यातून निघताना असलेला पासवर्ड बहुतेक जण बदलत नाहीत. मिरायजवळ नाव-पासवर्डच्या फक्त ६२ जोड्या होत्या. तेवढ्यावर त्याने लाखो उपकरणं गोळा केली आणि २१ ऑक्टोबर २०१६ ला संकेतस्थळांच्या नावांवरून त्यांचे पत्ते सांगणाऱ्या 'डाइन' या कंपनीवरच्या माऱ्यामुळे ट्विटर, नेटफ्लिक्स, स्पॉटिफाय अमेरिकेच्या मोठ्या भागात तासन् तास बंद पडले. लिहिणारे तिघे तरुण, आणि मूळ धंदा माइनक्राफ्ट या खेळाच्या सर्व्हरवरून चाललेल्या कुरघोडीचा. उपकरण बंद करून चालू केलं की मिराय पुसला जातो. पासवर्ड तोच राहिला तर काही मिनिटांत परत येतो.

अलीकडे वर्मने आपली शिकारीची जागा बदलली आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये 'शाय-हुलूद' नावाचा वर्म एनपीएम या भांडारात पसरला. जगभरचे प्रोग्रॅमर तिथून तयार तुकडे घेऊन आपली सॉफ्टवेअरं जोडतात. हा वर्म प्रोग्रॅमरच्या संगणकावरच्या गुप्त किल्ल्या चोरायचा आणि त्याच किल्ल्यांनी त्या प्रोग्रॅमरच्या इतर पॅकेजेसच्या बाधित आवृत्त्या प्रसिद्ध करायचा. पाचशेहून अधिक पॅकेजेस बाधित झाली, नोव्हेंबरमध्ये दुसरी लाटही आली. इथे तर उलटंच झालं: ज्याने तत्परतेने ताजी आवृत्ती उतरवली, तोच आधी सापडला. एम.ई.डॉकच्या अपडेटचीही तीच कथा होती. त्याआधी २०२४ मध्ये काही संशोधकांनी प्रयोगशाळेत 'मॉरिस-२' करून दाखवला. मेल वाचून उत्तरं लिहिणाऱ्या एआय सहायकाला मेलमधूनच गुपचूप आज्ञा द्यायची, आणि ती आज्ञा त्याने लिहिलेल्या उत्तरातून पुढच्या सहायकापर्यंत जाईल असं बघायचं. तो अजून प्रयोगाच्या टप्प्यावर आहे. पण मेल हाताळायचं काम एआयवर सोपवायची घाई कार्यालयांना झालेली आहे, ही गोष्ट प्रयोगापुरती नाही.

उपाय फार गूढ नाहीत, आणि नॉटपेट्यानंतर त्यांचा क्रमही बऱ्यापैकी स्पष्ट झाला आहे. नेटवर्कचे कप्पे पाडायचे, म्हणजे लेखा विभागातला वर्म क्रेनपर्यंत पोहोचणार नाही. बॅकअपची एक प्रत कुठल्याही तारेला न जोडता ठेवायची. प्रशासकाचा पासवर्ड सगळ्या यंत्रांवर एकच ठेवायचा नाही. फायलींच्या देवघेवीचं ४४५ क्रमांकाचं पोर्ट इंटरनेटकडे उघडं सोडायचं नाही. आणि पॅच लावायचा, शक्यतो दिवसांत, महिन्यांत नव्हे. सर्ट-इनच्या २०२२ मधल्या निर्देशांप्रमाणे घटना कळल्यापासून सहा तासांत कळवणं बंधनकारक आहे. 'सायबर स्वच्छता केंद्र' फेब्रुवारी २०१७ पासून सफाईची साधनं फुकट देतं. ती आहेत हेच बहुतेकांना माहीत नसतं.

विंडोज १० ची नेहमीची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. घरगुती ग्राहकांसाठी नोंदणी केल्यास वाढीव सुरक्षा अपडेट्सची सोय केलेली आहे, आपोआप काही मिळणार नाही. आपल्या शाळेत, सोसायटीच्या कार्यालयात, दवाखान्यात किंवा दुकानात कुठला संगणक कुठल्या आवृत्तीवर चालतो आहे, आणि कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरचा पासवर्ड अजून 'ॲडमिन'च आहे का, एवढं या आठवड्यात कुणाला तरी विचारा. उत्तर 'माहीत नाही' असं आलं, तर कामाला तिथूनच सुरुवात करा.